कूलरच्या घरघरीत ताजिक गाणं कसं ऐकायचं

एका दोस्ताला म्हटलं की सध्या ताजिक गाणं ऐकून राहिलो, तर तो म्हणे, "काऊन बे, ताजबागच्या उरसातलं का?" त्याचीही चूक नाही, नागपुरात ताज म्हटलं की आपली गाडी ताजबागलाच जाऊन थांबते. मी म्हटलं ताजिकिस्तान रे, अफगाणिस्तानच्या वरचा देश. तो म्हणे तिथं गाणं असते का. तर असते, अन् लय असते, अन् ते कसं ऐकायचं हेच लिहून राहिलो, कारण मी स्वतः ते चुकीच्या टोकाकडून सुरू केलं होतं अन् सहा माणसांची संध्याकाळ खराब केली होती.

झालं असं की मागच्या वर्षी २१ मार्चला, म्हणजे त्यांच्या नवरोजला, मी खामल्यात एका मित्राच्या गच्चीवर लोक जमवले. स्पीकर, चटया, चिवडा, सगळं. आणि सुरुवातीलाच लावलं शशमकॉम, म्हणजे त्यांचं सर्वात भारी शास्त्रीय संगीत. दहा मिनिटं झाली, वीस झाली, एक जण विचारते, "हे सुरू कधी होणार?" दुसरा चटईवर झोपला, तो डायरेक्ट घरी जायच्या टायमालाच उठला. तेव्हा समजलं की गाण्यात दोष नाही, माझ्या क्रमात आहे. कधी आपलं रागसंगीत न ऐकलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी विलंबित ख्यालापुढे बसवत असते का कोणी?

तर माझा क्रम असा, आधी पामीरचे पहाड, मग कुलोबचं फलक (म्हणजे तिकडची दुःखाची गाणी), मग थाप शिकायची, अन् सगळ्यात शेवटी शशमकॉम. एकेका टप्प्याला आठवडाभर द्या, घाई करू नका.

त्याच्याआधी दोन मिनिटं नकाशा पाहून घ्या, कारण इथं प्रांत समजला की अर्धं गाणं समजते. देशाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग डोंगर, त्यामुळे एका खोऱ्यातलं गाणं दुसऱ्या खोऱ्यात जाता जाता बदलते. वर उत्तरेला खुजंद, पंजकेंट, आणि त्याला लागून समरकंद-बुखारा जे आता उझबेकिस्तानात आहेत पण तिथं ताजिक बोलणारे आजही भरपूर आहेत, तो झाला दरबारी, शहरी गाण्याचा पट्टा. खाली दक्षिणेला कुलोब, तिथं फलक. पूर्वेला बदख्शान म्हणजे पामीर, तिथलं मुख्य शहर खोरोग, पंज नदीच्या काठावर, नदीपलीकडे अफगाणिस्तान. दुशान्बे राजधानी आहे, तिथं सगळंच सापडते, जसं आपल्या बर्डीवर सगळं सापडते.

आता सर्च करायची एक ट्रिक सांगतो, ही मला कोणी सांगितली असती तर दोन महिने वाचले असते. ताजिक म्हणजे फारसीच, पण फारसीतला लांब 'आ' ते लोक 'ऑ'सारखा म्हणतात. आपण रुबाब (तार छेडून वाजवायचं वाद्य) म्हणतो, ते रुबॉब म्हणतात. मकाम चं मकॉम, दुतार चं दुतॉर, सेतार चं सेतॉर. म्हणून इंग्रजी अक्षरात शोधताना 'ए'च्या जागी 'ओ' टाकून पाहा, धडाधड ताजिक रेकॉर्डिंग समोर येतात, नाहीतर काबूल अन् तेहरानचंच दिसत राहते. आकडे तर आपल्या ओळखीचेच आहेत, दु म्हणजे दोन, से म्हणजे तीन, शश म्हणजे सहा. दुतॉर दोन तारांचा, शशमकॉम म्हणजे सहा मकाम, अन् मकाम म्हणजे आपल्या रागासारखी सुरांची चौकट. नावच सांगून देते आत काय आहे ते. (सेतॉरच्या बाबतीत मात्र नाव थोडं फसवते, पामिरी सेतॉरला मुख्य तारांखाली आपल्या सतारीसारख्या तरफेच्या तारा पण असतात, त्या न छेडताच झणझणतात.)

पहिला आठवडा पामीरचा. पामिरी रुबॉब ऐका, अन् प्लीज हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर नको, कारण ह्या वाद्याचा जीव खालच्या आवाजात आहे अन् मोबाइल नेमका तोच खाऊन टाकते. एप्रिल-मे मध्ये तर कूलर चालू असते, त्याची घरघर अन् रुबॉबचा खर्ज एकाच पट्टीत भेटले की काही ऐकू येत नाही. मी रात्री दहानंतर कूलर अर्धा तास बंद ठेवून ऐकलं आहे, घामाघूम होऊन, घरच्यांच्या शिव्या खाऊन, पण तेव्हाच समजलं की काय चाललं आहे.

हा रुबॉब तुती किंवा जर्दाळूच्या लाकडाच्या एका ओंडक्यातून कोरतात. खोलगट पोट, वर कातडं ताणलेलं, लांब मान, मानेवर पडदे नाहीत, सहा तारा, पूर्वी आतड्याच्या आणि आता नायलॉनच्या. कातडं असल्यामुळे प्रत्येक सुराच्या आधी एक 'थुप' येते, म्हणजे वाजवणारा एकाच वेळी तार पण छेडून राहिला अन् ढोलकीवर बोट पण मारून राहिला असं वाटते. पहिल्या दिवशी सूर सोडा, फक्त ते 'थुप' मोजा. दुसऱ्या दिवशी त्याच्या मागचा सूर पकडा. आपल्या सरोदचे पूर्वज रुबाबाच्याच घराण्यातले, म्हणून कान लवकर जुळते.

मग येते मद्दॉ, ही पामीरची भक्तीची गायकी. तिथले बहुतेक लोक इस्माइली, म्हणजे शिया मुसलमानांतला एक पंथ, घरात बोलतात शुग्नी, वाखी वगैरे स्वतःच्या भाषा, पण मद्दॉ मुख्यतः फारसीत गातात, जुन्या संत-कवींच्या रचना. एकटा रुबॉब सावकाश सुरू होते, गाणारा जवळजवळ बोलल्यासारखा गाते, मग हळूहळू डफ येते, मग बाकीचे आवाज मिसळतात अन् गती चढत जाते. कोणी वारलं की त्या घरात रात्री हे गाणं बसते, अन् तिसऱ्या रात्री मृताच्या नावानं दिवा लावायचा विधी असते, त्याला चिरॉग-रवशन म्हणतात. हे वाचलं तेव्हा मला माझ्या आजोबांच्या वेळचं आठवलं, गावाकडे घरात दिवा, बाहेर ओसरीवर भजनी मंडळ, खंजिरी, अन् रात्री दोन वाजता कोणीतरी चहा फिरवून राहिला. त्यामुळे मद्दॉ ऐकायला फारसी यायलाच पाहिजे असं काही नाही. पण भांडी घासताना बॅकग्राउंडला लावू नका राव, ते दुःखाच्या घरातलं गाणं आहे, वीस मिनिटं बसून ऐका.

पामीरची अजून एक गोष्ट जी मी भेटेल त्याला सांगतो. तिथं गिज्जक नावाचं वाद्य आहे, सारंगीच्या नात्यातलं, गजानं वाजवायचं, खाली खुंटी टेकवून उभं धरायचं. शहरात त्याचं पोट लाकडाचं, गोल, वर कातडं. पण पामीरच्या गावांमध्ये लोक चौकोनी पत्र्याच्या डब्याला दांडा लावून त्याचाच गिज्जक करतात. हो, पिपा! आपल्याकडे गोडेतेलाचा पिपा रिकामा झाला की त्यात गहू भरतात नाहीतर तुळस लावतात, ते त्याला तारा लावतात. आवाज थोडा पत्र्याचाच येते, कुरकुरीत, नाकातला, पण लग्नातल्या नाचाला तोच पाहिजे. चांगल्या लाकडाचा गिज्जक अन् पिप्याचा गिज्जक एकामागे एक लावून ऐका, पाच मिनिटांत फरक कळते. वाखान भागात यम्ग गावचा मुबॉरक वाखानी नावाचा एकोणिसाव्या शतकातला सूफी कवी होऊन गेला, तो स्वतः वाद्यं बनवायचा, तिथं त्याच्या नावाचं म्युझियम आहे. आणि दुशान्बेमध्ये गुरमिंज झावकिबेकोव्ह ह्या नटानं जमवलेल्या वाद्यांचं म्युझियम आहे, त्याचे व्हिडिओ पाहा, एका भिंतीवर सगळे रुबॉब टांगलेले दिसतात, कोणता कोणत्या खोऱ्यातला ते आकारावरून ओळखायचा खेळ करता येते.

दुसरा आठवडा फलकचा. फलक म्हणजे आकाश, अन् आकाश म्हणजे नशीब पण. माणूस वर पाहून नशिबाला जाब विचारते, असं समजा. आई गेली, पोरगा परदेशात कामाला गेला (तिथले लाखो लोक रशियात मजुरीला जातात), जिच्यावर जीव होता तिचं लग्न दुसरीकडे झालं, ह्याच गोष्टी. कुलोब हे त्याचं मोठं ठाणं, पण बदख्शानमध्येही फलक आहे, आणि तिथली चाल वेगळी. युनेस्कोनं २०२१ मध्ये फलक आपल्या वारशाच्या यादीत घेतलं.

ऐकायची पद्धत सांगतो. फलकमध्ये बहुतेक वेळा ठेका नसते, म्हणून टाळी द्यायला जाऊ नका, चुकालच. त्याऐवजी श्वास मोजा. गाणारा वरच्या सुरावर आवाज फेकते, तिथं धरून ठेवते, मग पायरी पायरीनं खाली उतरते, अन् श्वास संपता संपता जवळजवळ बोलण्यावर येते. सूर फार नसतात, चार-पाच जागांमध्येच सगळं फिरते, पण त्या जागांच्या मधल्या फटीत जे आहे ते पेटीवर वाजवता येत नाही. मी कॅसिओवर शोधायला गेलो होतो, सापडलं नाही. साथीला दुंब्राक असते, छोटं, दोन तारांचं, पडद्यांशिवायचं, हाताला येईल असं. दवलतमंद खोलोव्ह ह्या कुलोबच्या कलाकाराचं रेकॉर्डिंग शोधा, माझ्या मते फलकसाठी ह्याच्यापेक्षा चांगलं दार नाही. कडब्याच्या गाडीवर बसून शेतातून एकटाच गात जाणारा माणूस ज्यांनी लहानपणी वर्धा-यवतमाळकडे ऐकला आहे, त्यांना हे गाणं लगेच भिडेल, बाकीच्यांना तीन दिवस लागतील.

त्याच भागात गुरुग्ली नावाची वीरकथा गातात, दुंब्राक घेऊन, घशातून दाबलेल्या खरखरीत आवाजात, रात्र रात्र. आपला पोवाडा अन् झाडीपट्टीची दंडार एकत्र बसली तर काय होईल तसं काहीतरी. शब्द कळल्याशिवाय हे पंधरा मिनिटांच्या वर जात नाही, माझं तरी नाही गेलं.

तिसऱ्या आठवड्यात कान बाजूला ठेवा अन् हात कामाला लावा. डॉयरा म्हणजे मोठा डफ, लाकडी कडं, एका बाजूनं कातडं, आणि कड्याच्या आतून लोखंडी बारक्या कड्यांची रांग, ती हलली की झणझण होते. तुकडोजी महाराजांची खंजिरी डोळ्यासमोर आणा अन् ती दोन-तीन पट मोठी करा. फरक असा की खंजिरी एका हातात धरून दुसऱ्यानं वाजवतात, अन् डॉयरा दोन्ही हातांत छातीसमोर उभा धरून दोन्ही हातांच्या बोटांनी वाजवतात. मुख्य बोल दोनच, मधोमध मारलं की 'बुम', काठावर मारलं की 'बक'. वाजवायच्या आधी कातडं शेकून घेतात, म्हणजे ते ताणते. आपल्याकडे मे मध्ये शेकायची गरजच नाही, अन् जुलैत शेकूनही उपयोग नाही, हा नागपूरचा प्रॉब्लेम आहे.

वाद्य नसेल तर कणकेची स्टीलची परात घ्या. दोन्ही अंगठ्यांनी खालून कडेला धरा, तळ समोरच्याकडे, बोटं मोकळी. उजव्या हाताचं तिसरं बोट तळाच्या मध्यावर टाका अन् लगेच उचला, बोट चिकटून राहिलं तर आवाज मरते. तो झाला बुम. डाव्या हाताच्या बोटांनी काठाजवळ टिचकीसारखं मारा, तो बक. आता सावकाश, बुम... बक... बुम... बक... दोन मिनिटं न थांबता. सोपं वाटते, पण वेग न वाढवता दोन मिनिटं काढून दाखवा, माझा दर वेळी चाळीस सेकंदांत वाढत होता, अन् आई स्वयंपाकघरातून, "झालं असंल तर दे ती परात इकडे, पोळ्या कवा करू?" हे सगळं काऊन करायचं तर शशमकॉमचा सुरुवातीचा मोठा भाग ह्याच सरळ दोन ठोक्यांवर चालते, अन् हात एकदा त्या धीम्या चालीत बसला की मग कान कंटाळत नाही. माझ्या गच्चीवरचे सहाही जण ह्याच जागी मेले होते.

एक अनुभव सांगतो, फसू नका म्हणून. मला खराखुरा रुबॉब पाहिजे होता, ऑनलाइन एक दिसला, फोटो मस्त, पैसे भरले, अन् आला तो शोपीस. कातड्याच्या जागी रेक्झिन, खुंट्या फेविकॉलनं चिकटवलेल्या. परत करायला गेलो तर म्हणे वापरलेला माल घेत नाही. वापरू कसा, वाजतच नव्हता. अन् तसंही आपल्या बाजारात जे रुबाब म्हणून मिळते ते अफगाणी-काश्मिरी घडणीचं, पामिरी नाही, दोघांची मान, तारा, आवाज सगळं वेगळं. हाताशी काही पाहिजेच असेल तर तबला-ढोलकी मढवणाऱ्याकडून साधा डफ करून घ्या अन् आतून कड्या लावून घ्या, लय झालं.

आता चौथा आठवडा, शशमकॉम. सहा मकामांची नावं बुझरुक, रॉस्त, नवॉ, दुगॉ, सेगॉ, इरॉक. प्रत्येकात एक भाग फक्त वाद्यांचा, त्याला मुश्किलॉत म्हणतात, म्हणजे अवघड, नावातच इशारा दिला आहे. दुसरा भाग गायनाचा, नस्र. गायनात पहिले सरअखबॉर, धीमा, भारदस्त, तोच बुम-बक वाला. मग तलकीन, ह्याचा ठेका लंगडत चालते, एक पाय लांब एक आखूड. शेवटी उफार, सहा मात्रांचा, नाचरा, आपल्या दादऱ्याला जवळचा.

माझी ट्रिक अशी की उलटं ऐका. पहिल्या दिवशी फक्त उफार. पाय आपोआप हलते. दुसऱ्या दिवशी तलकीन, परातीवर धरायचा प्रयत्न करा, चुका, परत धरा. तिसऱ्या दिवशी सरअखबॉर. चौथ्या दिवशी सगळं सरळ, सुरुवातीपासून. तेव्हा तुम्हाला माहीत असते की ही गाडी शेवटी नाचावर जाणार आहे, मग सुरुवातीच्या धीम्या चालीत वाट पाहण्याची मजा येते. जाणकार नाक मुरडतील की हा काय प्रकार, मुरडू द्या.

ऐकताना एक जागा पकडायची, ती म्हणजे अवज, फारसीतला औज. आपल्याकडे ज्योतिषवाले ग्रह 'उच्चीचा' म्हणतात ना, तो 'उच्च' अन् हा 'औज' एकाच घरातले शब्द आहेत असं मानतात. गाणं खालच्या सुरांतून हळूहळू चढत चढत एका ठिकाणी एकदम वर जाऊन उघडते, तिथं गाणारा पूर्ण छाती लावते, अन् मग परत खाली उतरून जिथून निघाला तिथंच येऊन थांबते. पहिल्यांदा अवज ओळखू आला तेव्हा मी फुटाळ्यावर बाइक लावून बसलो होतो, अन् बाजूचा भुट्टेवाला विचारे, "काय झालं भाऊ?"

वाद्यांत मुख्य तंबूर. हा आपला तंबोरा नाही, इथं सगळे फसतात. आपला तंबोरा मागे षड्ज धरून बसते, हा पुढे बसून चाल वाजवते. लांब मान, त्यावर पडदे, साधारण तीन धातूच्या तारा, अन् उजव्या हाताच्या पहिल्या बोटात धातूची नखी, तिला नाखुन म्हणतात. तार पडद्यावर दाबून कण्हल्यासारखा आवाज काढतात, त्याला शब्दच 'नॉलिश' आहे, विव्हळणं. मींड ऐकलेल्या कानाला हे सांगावं लागत नाही. दुतॉर मात्र नखीशिवाय, बोटांनी वाजते, त्याच्या तारा पूर्वी रेशमाच्या असायच्या, आवाज एकदम मऊ, घरातला.

अन् शब्द? हाफिज, जामी हे फारसीचे मोठे कवी, आणि आपला बेदिल. आपला म्हणजे खरंच आपला, मिर्झा अब्दुल कादिर बेदिल पाटण्याकडचा, आयुष्य गेलं दिल्लीत, १७२० मध्ये दिल्लीतच वारला. आपण त्याला विसरलो, अन् तिकडे बुखारा-खुजंदकडे त्याच्या गझला वाचायच्या खास बैठका होत आल्या अन् शशमकॉममध्ये त्याला गातात.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय एक गोष्ट कळत नाही की हे गाणं दोन देशांचं कसं. हे बुखाऱ्याच्या अमीराच्या दरबारात वाढलं, आणि त्यातले कितीतरी नामी गायक बुखाऱ्याचे ज्यू होते, अमीराचा लाडका गायक लेवी बाबाखानोव्ह, लोक त्याला लेविचा म्हणत, तोही ज्यूच. १९२० मध्ये अमीर गेला, सोव्हिएत आले. १९२३ मध्ये उस्पेन्स्की नावाच्या रशियन संगीतकारानं बुखाऱ्यात उस्तादांकडून शशमकॉम स्वरलिपीत उतरवून घेतलं, ते १९२४ मध्ये छापलं, पण गाण्याचे शब्द वगळून, कारण शब्द ताजिक होते अन् तेव्हा कोण उझबेक कोण ताजिक ह्यावरून राजकारण चालू होतं. शब्दांशिवाय गाणं छापायचं म्हणजे सांग बाप्पा! पुढे सीमा आखल्या, बुखारा-समरकंद उझबेकिस्तानात गेलं, ताजिकांनी दुशान्बेत आपली वेगळी परंपरा सांभाळली. बर्नो इसहाकोव्हा ही तिथली फार मोठी गायिका, तीही बुखारी ज्यू, देशात यादवी पेटली तेव्हा इस्राएलला गेली. तिचा एखादा अवज ऐकाच. आता युनेस्कोच्या यादीत २००८ पासून शशमकॉम दोन्ही देशांच्या नावावर आहे.

नवीन ऐकणाऱ्यानं कुठून सुरू करायचं तर स्मिथसोनियन फोकवेज ह्या अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपनीची मध्य आशियाच्या संगीताची दहा भागांची मालिका आहे, त्यातला दुसरा भाग दुशान्बेच्या मकॉम अकादमीचा, जी अब्दुवली अब्दुरशीदोव्ह ह्यांनी उभी केली, आणि पाचवा बदख्शानचा. सोबतची पुस्तिका त्यांच्या साइटवर फुकट उतरवता येते, ती प्रिंट काढून जवळ ठेवा, गाण्याचे अर्थ त्यात आहेत.

लग्नातलं करनाय-सुरनाय राहिलं. करनाय म्हणजे माणसाहून लांब सरळ पितळी तुतारी, सुरनाय म्हणजे आपली सनईच, हे मैदानात ऐकायचं वाद्य आहे, हेडफोनवर लावलं तर डोकं दुखते, मी सांगून ठेवतो.

ह्या वर्षी मार्चमध्ये त्याच गच्चीवर परत बसलो. पाच जण आले, तो झोपणारा पण आला. आधी पिप्याचा गिज्जक लावला, मग रुबॉब, मग परात फिरवली अन् सगळ्यांनी बुम-बक करून पाहिलं, खालच्या काकू वर येऊन विचारून गेल्या की कोणाचं काही आहे का. मग उफार, अन् शेवटी साडेदहाला सरअखबॉर. झोपणारा ह्या वेळी मांडीवर बोटांनी ठेका धरून बसला होता. संपल्यावर म्हणे, "मस्त आहे बे, पण ते पिप्यावालं परत लाव."